डांबरी संपते तिथून पुढं : पूर ओसरल्यावर मदतीला पहिल्यांदाच निघणाऱ्या सोलापूरकरांसाठी

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा आमच्या गल्लीतून जो पहिला टेम्पो निघाला, त्यात काय होतं ते आधी सांगतो. जुन्या कपड्यांची १४ पोती, पाण्याच्या बाटल्यांचे खोके, बिस्किटं. आणि पुढच्या काचेखाली बांधलेला बॅनर, त्यावर आम्हा सगळ्यांचे फोटो. बॅनर छापून येईपर्यंत टेम्पो तीन तास गल्लीत उभा होता, हेही सांगून टाकतो.

पुणे महामार्गावर लांबोटीचा पूल पाण्यामुळं बंद, विजयपूर रस्त्यावर वडकबाळला तीच गत. वळसे घालत सीनाकाठच्या एका गावात पोचलो, तर शाळेपुढं आमच्याआधीच तीन टेम्पो उभे. आम्ही पोती व्हरांड्यात ओतली, फोटो काढले, निघालो. गाडी वळवत होतो तेवढ्यात गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले एक आजोबा खिडकीशी आले. "पुढं मळ्यात आमची दहा-बारा घरं हायती. तिकडं कोण आलं नाही बघा. काडेपेटी असली तर द्या."

एवढ्या सामानात काडेपेटी नव्हती.

त्यानंतर आम्ही बऱ्याच खेपा केल्या, बऱ्याच चुका केल्या. पुढच्या वेळी तुमच्या गल्लीतून टेम्पो निघेल तेव्हा निदान त्याच चुका होऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

पाणी येतं कुठून, हे आधी बघा

सोलापूर म्हटलं की दुष्काळ, टँकर आणि काही दिवसांआड येणारं नळाचं पाणी. त्यामुळं पुराची आपल्याला ना सवय, ना तयारी. पण पूर यायला आपल्या डोक्यावर पाऊस पडायलाच हवा असं नाही. सीना अहिल्यानगरकडून येते. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर असं करत हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. वर अहिल्यानगरकडं किंवा भूम-परांड्याच्या बाजूला धो धो पाऊस झाला की सीना कोळेगाव आणि आसपासच्या प्रकल्पांतून पाणी सोडावं लागतं. आपल्याकडं ऊन पडलेलं असतं आणि नदी फुगत असते. पंढरपूरकडं मात्र भीमेचा हिशोब. तिथं उजनीतून किती पाणी सुटलंय ते बघायचं.

विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये येतो. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. १ लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लाख लिटर, म्हणजेच दहा हजार लिटरचे २८० टँकर दर सेकंदाला तुमच्या समोरून जाणार. "जरा बघून येतो बे, पुलावर किती पाणी आलंय" म्हणणाऱ्या पोराला एवढं गणित घालून दाखवा.

पाणी चढत असताना तुमचं काम फोनवर

बोटी, दोर, हेलिकॉप्टर हे एनडीआरएफ, लष्कर आणि अग्निशमनच्या लोकांचं काम. आपण तिथं गेलो तर त्यांना वाचवायला आणखी चार माणसं होतात. आपल्याला करता येतं ते निरोप्याचं काम, आणि ते हलकं समजू नका. अडकलेल्या माणसाच्या मोबाईलची बॅटरी संपत आलेली असते; त्याच्या वतीनं दहा ठिकाणी फोन लावणारं कुणीतरी कोरड्या जागी बसलेलं लागतं.

११२ हा सगळ्यात सोपा नंबर. १०७७ जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा. १०८ रुग्णवाहिका, जनावरांसाठी १९६२, वीज वाहिन्या पाण्यात लोंबत असतील तर १९१२. फोन लागला की "सीनेकाठी लोक अडकलेत, लवकर या" एवढं सांगून भागत नाही. गाव, तालुका, वस्तीचं नाव, माणसं किती, त्यात म्हातारी-गरोदर-आजारी किती, छतावर आहेत की झाडावर, कुठल्या बाजूनं अजून रस्ता चालू आहे आणि तिथल्या माणसाचा नंबर. हे सगळं कागदावर लिहून मगच फोन लावा. जमलं तर त्या माणसाला लोकेशन पाठवायला सांगा, आणि ते पाठवल्यावर फोन बंद ठेवून दर तासाला एकदाच चालू करायला सांगा.

'धरण फुटलं' असा मेसेज त्या दोन-तीन दिवसांत एकदा तरी येतोच. जिल्हा प्रशासनाकडून खात्री झाल्याशिवाय तो पुढं ढकलू नका. अंधारात पळताना माणसं पाण्यात पडतात.

गल्ली बांधा; नवीन संस्था काढू नका

उत्साहाच्या भरात पहिल्या दिवशी लोक नाव ठरवतात, लोगो करतात, अध्यक्ष कोण यावर रुसतात. त्याची काही गरज नाही. सोलापुरात प्रत्येक गल्लीत गणपतीचं, नवरात्राचं मंडळ आहे. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्या भक्तांसाठी रस्त्याकडेला चहा, फराळ, पायाला लावायला तेल, झोपायला मांडव असं सगळं हीच मंडळं दरवर्षी उभं करतात. मोठ्या कढया त्यांच्याकडं, आचारी ओळखीचा, मांडववाला उधारीवर देणारा, टेम्पोवाला रात्री दोनला फोन उचलणारा. २०२५ ला पूर आला तो ऐन घटस्थापनेच्या दिवसांत, म्हणजे ही सगळी माणसं तशीही जागीच होती.

फक्त कामं वाटून घ्या. फोनवर बोलणारा एकच माणूस, त्याच्याशिवाय गावाशी कुणी परस्पर ठरवायचं नाही. वही एकाकडं. पैसे दुसऱ्याकडं; वही आणि पैसे एकाच माणसाकडं नकोत, तो कितीही सज्जन असला तरी. गाड्यांचं बघणारा एक, स्वयंपाकाचं बघणारा एक. आणि कुठंही न जाता गल्लीतच बसणारं एक माणूस, जे गाडी निघाल्याची आणि परत आल्याची वेळ लिहील. आमच्याकडं हे काम एका रिटायर्ड मास्तरांनी केलं. रात्री साडेअकराला "अजून आला नाहीत, कुठं आहात?" म्हणून त्यांचा फोन आला की राग यायचा. एकदा गाडी ओढ्याकडेला रुतली तेव्हा त्याच फोनमुळं ट्रॅक्टर आला.

दक्षिण सोलापूर, अक्कलकोटच्या बाजूला जाणार असाल तर कन्नड बोलणारं एक तरी माणूस सोबत घ्या. आपलं मराठी तिकडं सगळ्यांना कळतं. पण घरातलं दुखणं मराठीत सांगायला तिथली आजी संकोचते. शहराच्या पूर्व भागात याद्या करताना तेलुगू येणाऱ्या अक्का असतील तर काम निम्म्या वेळात होतं.

निघण्याआधी विचारायचं ते

गावात दोन फोन लावा, एक नाही. एक सरपंच किंवा पोलीस पाटलांना. दुसरा आशाताईंना, नाहीतर अंगणवाडीच्या बाईंना. सरपंचांकडून गावाचा आकडा मिळतो. कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाची इन्सुलिन संपली, कुणाच्या घरात खायला काही नाही पण तो सांगणार नाही, हे आशाताईंना माहीत असतं.

विचारायचं असं: काल-आज किती गाड्या येऊन गेल्या? काय आलं आणि काय उरलंय? लाईट आहे का? गिरणी चालू आहे का? गाडी कुठवर येते? तिथून पुढं किती वस्त्या, आणि तिकडं ट्रॅक्टर जातो का?

गिरणीचा प्रश्न बारीक वाटतो, पण आम्ही एकदा ६ पोती गहू घेऊन गेलो होतो. गावात आठवडाभर लाईट नव्हती. बायका त्या पोत्यांकडं बघत राहिल्या. दळायचं कुठं? तेव्हापासून पीठच नेतो.

काय न्यायचं, काय नाही

जुने कपडे नेऊ नका. अगदी थोडक्यात सांगायचं तर एवढंच. कुणाचा लग्नातला कोट, चेन तुटलेल्या पँटी, फॉल सुटलेल्या साड्या हे सगळं शेवटी चिखलात पडतं आणि गावालाच उचलावं लागतं. द्यायचेच असतील तर नवे द्या: टॉवेल, चादर, लहान मुलांचे कपडे, बायकांची-पुरुषांची अंतर्वस्त्रं. चादर-टॉवेलांच्या गावात आपण राहतो. घाऊक भावात नवी चादर मिळवून देणारं कुणीतरी प्रत्येकाच्या नात्यात असतंच.

पहिल्या दोन दिवसांत शिजवलेलं अन्न लागतं, कारण चुली भिजलेल्या, सरपण भिजलेलं, सिलिंडर कुठं वाहून गेला माहीत नाही. पण भाताच्या पातेल्याला भरवसा नाही. सकाळी सहाला झाकलेली खिचडी दुपारी एकला वस्तीवर पोचेपर्यंत आंबते. आपल्याकडं याला चांगला तोडगा आहे: कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. ज्वारीची पातळ, खडखडीत वाळवलेली भाकरी कित्येक दिवस टिकते, वजनाला हलकी, गरम करायला नको. मात्र ती ओल धरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, नाहीतर वस्तीवर पोचेपर्यंत चामड्यासारखी होते. दात नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी दुधाच्या पुड्या किंवा गूळ वेगळा ठेवा, कुस्करून खातात. शेंगाची चटणी तिखट असते हे आपण विसरतो, पोरांसाठी वेगळी बांधा.

तिसऱ्या दिवसापासून माणसाला स्वतःच्या हातचं खायचं असतं. तेव्हा एका घराची एक पिशवी करा. ज्वारीचं किंवा गव्हाचं पीठ, तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, तिखट, साखर-चहा, साबण, आणि काडेपेटी, दोन. सोबत तवा, परात, पातेलं, बादली यातलं जे गेलंय ते. ताडपत्री आणि सुतळी. सॅनिटरी पॅड काळ्या पिशवीत वेगळे, आणि ते वाटायचं काम बाईनंच करायचं. चपला न्यायच्या हमखास राहून जातात, आणि चिखलात काच, खिळे, पत्रे असतात. मेणबत्तीपेक्षा बॅटरी बरी.

रोजच्या गोळ्या पाण्यात गेलेल्या असतात. बीपी, साखर, फिट, थायरॉईड. गोळीचं नाव आठवत नसेल तर रिकाम्या पाकिटाचा फोटो मागवा. तोही नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात माणसालाच न्या. अंदाजानं औषध देऊ नका, कितीही मोठी गाडी भरून औषधं मिळाली तरी.

आणि वैरण. माणसांच्या टेम्पोत कुणी कडबा टाकत नाही. गोठ्यातलं जे जगलं-वाचलं ते उपाशी उभं असतं, कारण कडब्याची गंज वाहून गेली आणि रानात उभा असलेला ऊस, मका चिखलानं भरला. एका मोठ्या जनावराला दिवसाला साधारण १५ ते २० किलो ओला चारा लागतो. ५० जनावरांची वस्ती असेल तर रोजची जवळपास एक टन वैरण झाली. म्हणून दहा जणांनी दहा टेम्पो एकाच दिवशी नेण्यापेक्षा वार वाटून घ्या. पावसाला लागून बाधित भागात जनावरांना घटसर्प, फऱ्या या रोगांचा धोका असतो. पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीचं विचारा.

शेवटच्या घरापासून सुरुवात

मदत डांबरी रस्त्यानं येते आणि डांबरी संपली की संपते. गाडी गावात शिरली की पहिल्या चौकातच हात पुढं येतात, आणि नाही म्हणायला आपल्याला जड जातं. म्हणून गावात वाटायचंच नाही. सामान ट्रॅक्टरवर चढवायचं, सगळ्यात लांबच्या वस्तीवर जायचं, आणि तिथून वाटत वाटत गावाकडं यायचं.

आदल्या दिवशी दोघांनी जाऊन घरं मोजायची. घराचा नंबर, कर्त्या बाईचं नाव, माणसं, जनावरं, सगळ्यात आधी काय हवंय ते. एक चिठ्ठी घरात, एक वहीत. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी बघून पिशवी. गाडीच्या फाळक्यावरून पुडे फेकणं कधीही नाही. त्यात तरणी पोरं पुढं असतात आणि म्हाताऱ्यांच्या हाताला काही लागत नाही. घेणाऱ्याचा फोटो काढू नका. काल-परवापर्यंत त्याच माणसानं आपल्याला शेतात बसवून हुरडा खाऊ घातलेला असतो. हिशोबाला वहीतली सही पुरते.

यादी करताना एक प्रश्न मुद्दाम विचारा: इथं असं कोण राहतं, ज्याचं सातबाऱ्यावर नाव नाही? बटईनं रान करणारा, सालगडी, दुसऱ्याच्या मळ्यात पत्र्याचं शेड टाकून राहिलेलं मजुराचं कुटुंब, नदीकाठी पाल ठोकलेली माणसं. सरकारी भरपाई सातबारा बघून येते, खासगी मदत रस्ता बघून येते. या दोन्हींतून जे सुटतात त्यांच्यासाठी तुमची वही. थोडीच मदत असेल तर ती इथंच द्या, आणि गावातल्यांना तसं तोंडावर सांगा. लोक समजून घेतात. लपवलं की चिडतात.

गाळ

या कामाला बॅनर लागत नाही, म्हणून माणसं कमी पडतात. गाडी परत फिरवून सामानाऐवजी हात घेऊन या: २० माणसं, फावडी, घमेली, खराटे, बादल्या, गमबूट, हातमोजे. एका दिवसात २० जणांच्या तुकडीनं तीन-चार घरं होतात.

सीनेचा गाळ काळ्या मातीचा. ओला असताना तो लोण्यासारखा निघतो. चार दिवस ऊन लागलं की विटेसारखा होतो, भेगा पडतात, मग पहारीनं फोडावा लागतो आणि त्याबरोबर शहाबादी फरशी उखडते. त्यामुळं अन्नाची गाडी उशिरा गेली तरी चालेल, गाळाची नको. वाळलाच असेल तर आदल्या संध्याकाळी पाणी मारून गोणपाट टाकून ठेवायला सांगा.

आत शिरण्याआधी मेन स्विच बंद आहे का बघा, आणि बंद असला तरी वायरमननं बघितल्याशिवाय कुठल्याही बटणाला हात नको. भिंत मातीची असेल तर बाहेरून फुगली आहे का ते बघा; पाणी उतरल्यावर दोन-तीन दिवसांनी पडतात त्या याच भिंती. मग काठी. कपाटामागं, गादीखाली, भांड्यांच्या मांडणीत काठीनं आवाज करत जा. पाण्याबरोबर साप घरात आलेले असतात आणि कोरडी जागा धरून बसतात. चावलाच तर आवळून बांधू नका, कापू नका. तो अवयव न हलवता थेट सरकारी दवाखान्यात. विषावरचं इंजेक्शन तिथं असतं.

गाळ काढायची सुरुवात सगळ्यात आतल्या खोलीतून, दाराकडं येत. आधी घरच्या बाईला आत जाऊ द्या आणि काय शोधायचंय ते विचारा. एका घरी आम्ही असाच भराभर गाळ बाहेर टाकत होतो. त्या मावशी काही बोलेनात, नुसत्या प्रत्येक घमेल्याकडं बघत होत्या. शेवटी त्यांच्या सुनेनं सांगितलं की डाळीच्या डब्यात मंगळसूत्र ठेवलं होतं आणि डबा सापडत नाही. मग काढलेला सगळा गाळ अंगणात पसरून बोटांनी चाळला. डबा मिळाला तो शेजाऱ्याच्या गोठ्यात, झाकण तसंच घट्ट. तेव्हापासून पहिल्या घमेल्याआधी विचारतो, आणि गाळ लगेच लांब नेत नाही.

गाळ गटारीत ढकलू नका, पुढच्या पावसात तोच पुन्हा घरात येतो. जागा ग्रामपंचायतीला विचारा. मेलेली जनावरं असतील तर पंचनामा झाल्यावरच खोल खड्ड्यात, आडापासून लांब, वर चुना टाकून.

पाणी आणि आजारपण

इथं फार लिहीत नाही, कारण आरोग्यसेवकांचं ऐकलं की भागतं. आड, विहीर आधी उपसायची, मग टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकायची. नेहमीचं माप पुरानंतरच्या गढूळ पाण्याला पुरत नाही. किती टाकायचं ते आरोग्यसेवकालाच ठरवू द्या आणि नंतर ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी) करून घ्या. विहिरीत माणूस उतरवू नका, बंद आडात गॅस धरतो. घरात पाणी उकळूनच. बाटलीबंद पाणी पहिल्या दोन दिवसांना ठीक. नंतर त्याच पैशात दोनशे लिटरचं झाकणाचं पिंप आणि तोटी द्या. पाणी साठवायचं कसं हे सोलापूरकरांनी कुणाला शिकवायची गरज नाही.

गाळ काढणाऱ्यांच्या पायाला जखम असेल तर त्यांनी त्या दिवशी वही सांभाळावी. चिखलातून जखमेवाटे लेप्टो हा तापाचा आजार होतो. ताप आला तर डॉक्टरला चिखलात काम केल्याचं आवर्जून सांगा.

कागद

आता सगळ्यात कंटाळवाणं आणि, माझं मत विचाराल तर, सगळ्यात मोलाचं काम. पिशवीतलं पीठ आठ दिवस पुरतं. पंचनाम्यात नाव यायचं राहून गेलं तर ते वर्षभर नडतं.

भिजलेले कागद आधी वाचवा. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, शाळेचे दाखले, जुने खरेदीखत. चिकटलेले असतील तर ओढू नका. स्वच्छ पाण्याच्या परातीत अलगद बुडवा, चिखल आपोआप सुटू द्या, मग वर्तमानपत्राच्या दोन थरांत ठेवून सावलीत वाळवा. दर तासाला वर्तमानपत्र बदला. उन्हात टाकलं की शाई उडते, इस्त्री फिरवली की लॅमिनेशन वितळतं. वाळला न वाळला तोच मोबाईलवर फोटो काढून त्याच घरच्या माणसाला पाठवा. तुमच्या फोनमधून नंतर पुसून टाका. सातबारा गेला तर घाबरायचं कारण नाही, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो.

पंचनाम्याला तलाठी येतात (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच), सोबत ग्रामसेवक आणि कृषी सहायक. एकेका तलाठ्याकडं दोन-तीन गावं असतात, ते काही प्रत्येक मळ्यात पोचत नाहीत. म्हणून तुमच्यातली चार पोरं मोबाईल घेऊन शेतकऱ्यासोबत रानात जाऊ द्या. पिकाचे, खरवडलेल्या जमिनीचे, पडलेल्या भिंतीचे, घरात पाणी कुठवर चढलं त्या रेषेचे फोटो, तारीख आणि लोकेशन दिसेल असे. गट नंबर पाटीवर खडूनं लिहून फोटोत धरा. पंचनाम्यावर सही करण्याआधी त्यात काय लिहिलंय ते घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. 'अंशतः' आणि 'पूर्णतः' या दोन शब्दांत हजारोंचा फरक असतो.

जनावर मेलं असेल तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबर जपून ठेवा. २०२२ ते २६ साठीच्या केंद्राच्या निकषांत दुधाळ गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,००० असे दर होते. राज्य त्यात भर घालतं, अटी बदलतं. म्हणून पेपरातल्या आकड्यावर बोलू नका, त्या वेळचा शासन निर्णय काढून वाचा. वाहून गेलेल्या जनावराचं शव नसतं. तिथं सरपंच, पोलीस पाटील, तलाठी यांच्या समोरच्या पंचनाम्यावरच सगळं असतं, तो त्याच आठवड्यात करून घ्या.

नंतर यादी लागते. त्यात प्रत्येकाच्या नावापुढं एक व्हीके नंबर (विशिष्ट क्रमांक) असतो. तो घेऊन, आधार घेऊन सेवा केंद्रात ई-केवायसी करावी लागते. फार्मर आयडी असलेल्यांना २०२५ ला त्यातून सूट दिली होती. पैसे अडतात ते इथं. खातं आधारला जोडलेलं नाही. मोबाईल नंबर मुलाचा, मुलगा पुण्यात. वडील वारले पण वारसनोंद झालेली नाही. जमीन चार भावांची सामाईक आणि संमतीपत्रावर एकाची सही नाही. यातलं काहीही कायद्याचं मोठं कोडं नाही; कुणीतरी म्हाताऱ्या माणसाला मोटारसायकलवर मागं बसवून दोन-तीन वेळा तालुक्याला न्यायचंय, एवढंच. कॉलेजच्या पोरांना हे काम द्या. एका पोरानं दहा घरं दत्तक घ्यायची आणि पैसे खात्यात पडेपर्यंत ती सोडायची नाहीत. आमच्यातला एक जण एका आजीला घेऊन एकाच कार्यालयात पाच वेळा गेला; दरवेळी एक नवा कागद मागत होते. सहाव्या वेळी आजी म्हणाली, "लेकरा, आता मला त्या शिपायाच्या घरचं सगळं माहीत झालंय, तू आला नाहीस तरी चालेल." सातव्या खेपेला पैसे मंजूर झाले.

आपलीच गल्ली बुडाली तर

जोराचा पाऊस झाला की शेळगी, अक्कलकोट रोड, विडी घरकुलकडच्या वस्त्यांत घरात पाणी शिरतं. तिथं नदी नाही, नाले आहेत, आणि ते रात्रीत भरतात. शहरातल्या मदतीत सगळ्यात आधी कुणाच्या गच्चीवर किती माणसं मावतील ते ठरवून ठेवा. विडी वळणाऱ्या बाईचा तेंदूपत्ता-तंबाखू भिजला तर तिची मजुरी बुडतेच, वर मालाचा हिशोब तिच्या अंगावर येतो. यंत्रमागाच्या मोटारीत पाणी गेलं तर कामगाराचा आठवडा जातो. ही नुकसानी कुठल्याच पंचनाम्यात नीट बसत नाही. इथं गल्लीनं रोख पैसे द्यावेत, सामान नको.

पैसे

जमवाल ते कुणा एकाच्या खासगी खात्यावर किंवा यूपीआयवर पडू देऊ नका. मंडळाचं नोंदणीकृत खातं असेल तर ते, नाहीतर रोख आणि पावती. रोज रात्री आवक-खर्च गल्लीच्या ग्रुपवर टाका, डिझेलच्या बिलासकट. एका रात्री आमचे ३४० रुपये जुळेनात. वहीवाल्यानं तसंच लिहून टाकलं: '३४० जुळत नाहीत'. दुसऱ्या दिवशी आमच्या अपेक्षेपेक्षा जास्त वर्गणी आली. का, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

थोडे पैसे मागं ठेवा. दिवाळीपर्यंत गाड्या बंद होतात, आणि गावाची खरी गरज तिथून सुरू होते: रब्बीचं ज्वारीचं बी, पोरांच्या वह्या, बुजलेल्या विहिरीतला गाळ, मोटारीचं रिवाइंडिंग. संक्रांतीच्या सुमारास एकदा वही घेऊन त्याच वस्त्यांवर जा. कुणाचे पैसे आले, कुणाचे नाहीत, याच्यावर खूण करा. आणि येताना वापरून झालेल्या ताडपत्र्या धुऊन, वाळवून परत आणा. मंडळाच्या खोलीत, कढयांच्या मागं, त्यांना जागा आहे. एक काडेपेट्यांचा पुडाही तिथंच ठेवलाय, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून.